म्हणे किसन

धुणं आणि मिलिंदभाऊजींचे किस्से, आमच्या घरी दोन्हींचे ढीग साचतात. धुणं आठ महिन्यांच्या लेकीचं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. नोकरीसाठी पोखर्णीहून परभणीला आमच्याकडे आले आणि शहर बघून गाणी रचायला लागले. सिनेमाची रांग, नळ, काहीही पुरतं.

*

पहिलं गाणं आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर. म्हणजे नसलेल्या रस्त्यावर. ते ऐकून लेक गाढ झोपली. इतकी कशी झोपली, म्हणून मी तिच्या नाकापाशी बोट धरलं. ती दचकून उठली आणि रडायला लागली.

भाऊजी म्हणाले, "वैनी, माझ्या गाण्यानं झोपली, तुमच्या काळजीनं उठली."

*

सायकलरिक्षावाल्या रहीमभाईंना भाऊजींनी त्यांच्यावरचं गाणं रिक्षात बसूनच ऐकवलं. पुढे चढ होता.

"गाना बढिया है भाई," रहीमभाई धापा टाकत म्हणाले, "पन उतरके गाओ. गाते गाते धक्का मारो."

*

शेजारच्या सखुबाई एकदा तावातावानं आल्या. गाण्यात यांचं काही आलं की काय! मी आधीच माफी मागून टाकली.

"माफी कशाची? समद्या गल्लीचं गाणं करायलाय तुमचा दीर. माझंच दार वगळायलाय. मी काय मेले का?"

*

चारचौघांपुढे गाणी गायचे मात्र किसनदादा. वस्तीतली गायन पार्टी त्यांची, पेटी त्यांची. शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव घालायची रीत. भाऊजी 'म्हणे मिलिंद' लिहून द्यायचे, दादा डोळे मिटून 'म्हणे किसन' गायचे. पोखर्णीहून सासूबाई आल्या नि म्हणाल्या, "किसनचीच गाणी कानावर येत्यात. तू काय करायलायस रे?"

त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. एकदा तरी आपलं नाव लोकांच्या कानावर पडावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"दादांना स्पष्ट सांगा," मी म्हणाले. लगेच घाबरून, "नको, पार्टीतून काढतील." माझे सल्ले असेच, देता देता परत घेतलेले.

*

जयंतीच्या संध्याकाळी वंदनेची गाणी झाली, मग नवं गाणं, सार्वजनिक नळाचं. शेवटचं कडवं भाऊजींनी दादांना स्टेजवर चढता चढता सांगितलं. मग कोरसात मान खाली घालून झांज धरली.

गल्ली टाळ्या वाजवत होती. दादांनी डोळे मिटले, हात उंचावला:

"नळावरली बादली कुणी गं नेली?
मीच की हो नेली, म्हणे किसन!"

ढोलकी थांबली. सखुबाई उभ्या राहिल्या.

"किसन, बुडाच्या भोकाला डाग दिलेली, माझीच का?"

दादांनी माइक ओढला. "गाणं माझं न्हाई! मिलिंदनं रचलंय! आजवरची समदी त्याचीच हायेत!"

"गाण्याचं कोण इचारायलंय? बादलीचं इचारलं."

बायकांच्या बाजूनं दादांची बायको म्हणाली,

"तीच हाय."