सत्काराच्या खुर्चीतला ठाणेदार

माझ्या सत्काराच्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास, माझ्यासाठी सजवलेल्या खुर्चीत बसून एका वानराने प्राण सोडले. वानर म्हातारा होता, मरण नैसर्गिक होतं, आणि त्याच्याविषयी माझी काहीच तक्रार नव्हती. तक्रार साधारण पावणेनऊला सुरू झाली.

आधी एक कबुली देतो. हा सत्कार गावाने ठरवलेला नव्हता, मीच ठरवून घेतला होता. अमरावतीला आमचे साडू असतात, विलासराव वकील. दिवाळीनंतर त्यांच्या साठीचा कार्यक्रम झाला तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. परतताना आमच्या हिने मूर्तिजापूर येईपर्यंत चार वेळा सांगितलं की भाऊजींना केवढा मान आहे! मला अकोल्यातल्या शाळेने छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर पोहे आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन मोकळं केलं होतं. (घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडतं.) चार वेळा ऐकल्यावर माणसाचं काय होतं ते ज्याला साडू आहे त्यालाच कळेल.

म्हणून मी पातूरकडच्या आमच्या गावी, मारोतीच्या देवळासमोर मांडव टाकला. चुलतभाऊ पुरुषोत्तम तिथला सरपंच. त्याने पंगतीला रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी ठरवली, पंचायत समितीचे माजी सभापती पाहुणे म्हणून मिळवले आणि गावभर आमंत्रणं दिली. लोक म्हणाले, हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे, जमलं तर येऊ. गावाकडे या वाक्याचा अर्थ फक्त जेवायला येऊ असा होतो.

आता त्या वानराविषयी. देवळाच्या भिंतीवर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे संशयाने बघायचा, म्हणून गावाने त्याचं नाव ठाणेदार ठेवलं होतं. गावातल्या घरांवरची निम्मी कवेलू त्याने फोडलेली, तुरीच्या शेंगा तर त्याने मालक असल्यासारख्या खाल्लेल्या. खुद्द पुरुषोत्तम गोफण घेऊन त्याच्यामागे धावला होता, आणि 'या वानराचा बंदोबस्त करा' असा अर्ज त्याने वन खात्यात दोनदा दिला होता. जिवंतपणी ठाणेदाराच्या वाट्याला गावाकडून एक गोड शब्द आला नव्हता. मेल्याबरोबर मात्र त्याला बढती मिळाली.

पुरुषोत्तमच्या घरी मी फेटा बांधून घेत होतो तेव्हा बातमी आली. धावत मांडवात गेलो. ठाणेदार माझ्या लाल मखमलीच्या खुर्चीत मागे रेलून बसला होता, मान जराशी कललेली, हातात माझ्या स्वागताच्या तबकातलं अर्धं केळं. माझ्यापेक्षा तो त्या खुर्चीत शोभत होता. पुरुषोत्तमने टोपी काढली आणि हात जोडले.

"दादा, साक्षात मारोतीरायानं तुमच्या खुर्चीत देह ठेवला. लय भाग्याचे हा तुमी."

मी म्हटलं, भाग्य आहेच, पण दहा वाजता पाहुणे येतात, तोवर त्याला देवळामागे नेऊन ठेवू. त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मारोतीलाच उचलायला सांगितलं होतं. बायकांनी हळद-कुंकू आणलं. बारा वाजता माझ्यासाठी येणारं भजनी मंडळ नऊलाच येऊन बसलं. आणि हरभऱ्याला पाणी देणारे ते सगळे, विहिरीवरच्या मोटारी बंद करून, लेकराबाळांसकट आले! शेजारच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं आली. मांडव कमी पडला, माणसं उन्हात उभी राहिली. एवढी गर्दी विलासरावांच्या हॉलमध्येसुद्धा नव्हती. मला मत्सर वाटला. आयुष्यात मी पुष्कळ लोकांवर जळलो आहे, पण मेलेल्या वानरावर जळण्याची ही पहिलीच वेळ होती.

तेवढ्यात अमरावतीहून विलासराव आले. त्यांनी गर्दी पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. (त्यांना वाटलं, ही गर्दी माझ्या सत्कारासाठीच! ते अर्धं मिनिट मी अजून जपून ठेवलं आहे.) मग खुर्ची दिसली आणि त्यांच्यातला वकील जागा झाला. ते म्हणाले, हा संरक्षित वन्यप्राणी आहे, मेल्यावर तो कायद्याने सरकारचा. गाव त्याला देव म्हणो की चोर म्हणो, परस्पर पुरला तर गुन्हा.

साडूचा कायदा मला आयुष्यात पहिल्यांदा आवडला. सरकारचा आहे तर सरकारने घेऊन जावा, आणि शक्य तर दहाच्या आत! मी देवळाच्या मागे गेलो, वन खात्याच्या कार्यालयात फोन केला आणि नाव न सांगता खबर दिली. मोबाइलवरून नाव न सांगणं म्हणजे काय, हे विज्ञान शिकवलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

पातूरहून वनरक्षक बाई आल्या. त्यांनी आधी पायातले बूट काढून नमस्कार केला, मग वही काढली आणि विचारलं, खबर कोणी दिली? त्यांनी आलेल्या नंबरवर फोन लावला. भर मांडवात, भजन थांबलेलं असताना, माझा खिसा वाजला.

पुरुषोत्तम माझ्याकडे बघत राहिला. "दादा, तुमी मारोतीरायाची तक्रार केली? काहून?"

त्याने माझी खुर्ची घेतली म्हणून, असं अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला म्हणता येत नाही. मी नियमाचं काहीतरी पुटपुटलो. बाई म्हणाल्या, गुरांचे डॉक्टर येऊन तपासेपर्यंत आणि पंचनामा होईपर्यंत कोणी काही हलवायचं नाही. खुर्चीसुद्धा नाही. आणि खबर देणाऱ्याने जागा सोडायची नाही.

साडेदहाला माजी सभापती आले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे पाहिलं, आणि माइक हातात घेतला. भाषण माझ्यासाठीच लिहिलेलं होतं, कारण ते मीच लिहून पाठवलं होतं. त्यांनी फक्त नाव बदललं. आयुष्यभर गावासाठी झटले, कोणाच्या शेंगेलाही हात लावला नाही, पिढ्या घडवल्या. शेंगेच्या वाक्याला पुरुषोत्तम ढसाढसा रडला. मग सभापतींनी शाल उघडली आणि ठाणेदाराच्या खांद्यावर घातली. नारळ त्याच्या मांडीवर ठेवला. बाईंनी सांगितलं, हलवू नका, पांघरायला हरकत नाही.

राहता राहिला फेटा. तो माझ्या डोक्यावर होता. पुरुषोत्तमने तो मागितला तेव्हा मी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं.

"देऊन टाका न," ती म्हणाली. "जित्या मानसाले लय चान्स भेटतात." आणि तिने स्वतःच्या हाताने तो सोडला.

डॉक्टर तीनला आले. म्हातारपणाने गेला, असं सांगून चारला गेले. रोडगे कधीच संपले होते. माणसं मात्र हलली नव्हती. बाईंनी पंचनामा लिहून काढला आणि पुरुषोत्तमच्या आग्रहाखातर माइकवरून वाचायला घेतला. मृत वानर, नर, वृद्ध, राहणार याच गावी. ('राहणार याच गावी' हे पुरुषोत्तमने लिहायला लावलं. खाली खबर देणाऱ्याच्या सहीशी माझ्या नावापुढे 'राहणार अकोला' होतं, ते वाचलं गेलं नाही.) मग जागेवर आढळलेल्या वस्तू: खुर्ची एक, शाल एक, नारळ एक, फेटा एक, निवृत्त शिक्षक एक.

विलासराव ताडकन उभे राहिले. बाई, माणूस ही वस्तू नाही, हे कायद्यात बसत नाही, खोडा, असं ते म्हणाले. माझ्या बाजूने ते आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. बाई ओशाळल्या, म्हणाल्या की घाईत झालं, आणि पेन उघडून त्यांनी मला विचारलं, "सर, काढून टाकू काय?"

मी समोर पाहिलं. मांडवभर माणसं गप्प बसून ऐकत होती. सकाळपासून माइकवर माझा उल्लेख झाला तो हा एवढाच.

"राहू द्या," मी म्हणालो. "फक्त नारळाच्या आधी घ्या."