हादरेसर आणि एकतीस सारखे जबाब

हादरेसर कोणाच्याही घरी गेले की चहाआधी भिंत वाजवून बघत. बोटाचं पेर वाकवून, कान लावून, डॉक्टर छाती तपासतो तसं. "मातीची हाये, बरी हाये. तुमची ती नवी विटांची पयले पडन," असं यजमानाला तोंडावर सांगून मोकळे. पवनीच्या एका लग्नात त्यांनी नवरीच्या बापाला भर मांडवात विचारलं, "या स्लॅबले खांब किती हाये?" बिचारा आधीच घामाघूम! भूकंपाचे हादरे विचारत फिरतात म्हणून गावोगाव त्यांचं नाव हादरेसर पडलं. खरं आडनाव विचारायचं कोणाला सुचलंच नाही.

मी आंधळगावची, बी.एस्सी. होऊन घरी बसलेली. कोरोनाच्या आधीचे दोन उन्हाळे मी त्यांच्याबरोबर फॉर्म भरत फिरले. शेजारच्या राज्यात नदीकाठी अणुवीज केंद्र व्हायचं घाटत होतं. तिथली जमीन जास्तीत जास्त किती हलू शकते, हे आधी ठरवावं लागतं, आणि त्या आकड्यावर केंद्राची मजबुती ठरते. आमच्या भागात एक मोठा धक्का बसून गेला होता, पण तो पाऊणशे वर्षांपूर्वी, आजच्या म्हाताऱ्यांच्या लहानपणी. तेव्हा इकडे मोजायचं यंत्र कुठलं असायला? सर म्हणायचे, "म्हातारेच आपलं यंत्र. अन् हे यंत्र रोज थोडं थोडं बंद पडून राहिलं, पोरी. चाल लवकर."

ते केंद्राच्या विरोधात होते असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अजिबात नव्हते. "बांधा ना! मी कायले नाई म्हणू?" ते म्हणायचे. "पर जमीन जेवढी हालते तेवढं मजबूत बांधा. अणुभट्टी म्हणजे का कोंबड्याचा खुराडा हाये, पडला तं उद्या दुसरा केला?"

त्यांची विचारायची रीत वेगळीच. "भांडी पडली का?" असं ते कधी विचारत नसत. "आजी, भूकंपाचं नोको सांगू. त्या दिवशी तू काय करून राहिली होती, ते सांग." मग आजी म्हैस, शेण, आईच्या हातचा मार, सगळं सांगायची. मी पेन आपटत बसायची. अर्ध्या तासानं आजी मध्येच म्हणायची, "अन् मंग कवेलू सरकले ना बापा, डोक्यावर माती आली!" की सरांचा चेहरा खुलायचा. छपराची कौलं सरकली तर हादऱ्याच्या जोराची एक पायरी, भिंत चिरली तर तिच्या वरची, तळ्याचं पाणी काठाबाहेर उसळलं तर आणखी वरची. त्यांची मला एकच ताकीद होती. फॉर्ममधले प्रश्न कोणाला आधी कळू द्यायचे नाहीत.

आणि मी दीडशहाणीनं नेमकं तेच केलं.

सिहोऱ्याकडचं एक नदीकाठचं गाव राहिलं होतं. खाली सगळी भुसभुशीत रेती. सगळ्यात जोराचा हादरा इथेच बसला असणार, असं सरांना वाटत होतं, म्हणून या एका गावाचं मोल बाकी साऱ्यांपेक्षा जास्त. सरपंचांचा फोन आला. "मॅडम, काय विचारणार हाये ते थोडं धाडून द्या, मी म्हाताऱ्यायले गोळा करून ठेवतो." मला वाटलं, चला, काम लवकर उरकेल. फॉर्मचा फोटो काढला आणि पाठवून दिला.

आम्ही पोचलो तर देवळाच्या मंडपात एकतीस म्हातारे-म्हाताऱ्या धुतलेल्या कपड्यांत बसलेले. पहिले आजोबा उठले आणि शाळेतल्यासारखे बोलले, "झोपलेली माणसे जागी झाली. भिंतींना तडे गेले. पाणी काठाबाहेर उसळले." दुसऱ्यांचं तेच. तिसऱ्या आजींचंही तेच. माझ्या फॉर्ममधलं छापील मराठी त्या बोळक्या तोंडांतून बाहेर येत होतं. सरांनी एकाला विचारलं, "बाबा, वय काय तुमचं?"

"अडुसष्ट."

"अरे, मंग तुमी तं जन्मलेच नोहते!"

"पर गावासंगं हाओ ना, साहेब."

सरपंच छाती काढून पुढे आले. "सर, मागं घरांच्या सर्वेत जो तो वेगळं बोलला, तं साहेबानं सारं गावच खोटं ठरवलं. तवापासून आमचं ठरलं हाये, सरकारी कागदापुढं गावाचं बोलणं एक. आठ दिवस पाठ करून घेतलं. एकबी चुकला नाई, पाहा!"

सर चिडले नाहीत. बाहेर पारावर जाऊन बसले. मी गेले आणि फोटोचं सांगून टाकलं. सर एवढंच म्हणाले, "पोरी, यंत्रच फोडलं ना तू." चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे चार दिवस ते घरोघर गेले. एकेकाला वेगळं बसवून म्हशीचं विचारलं, आईचं विचारलं. काही उपयोग नाही. एक आजोबा तर रडायलाच लागले. "साहेब, आता मलेच समजत नाई, मी ते पाह्यलं का आयकलं." त्या दिवशी सर जेवले नाहीत.

त्याच गावची एक बहिरी आजी पवनीला लेकीकडे गेली होती, म्हणून पाठांतरातून सुटली. सर मला घेऊन तडक पवनीला. लेकीनं कानात ओरडून विचारलं, तशी आजी हातवारे करत सांगू लागली. ती बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, होती. पाणी एका अंगाला गेलं, परत आलं, काठावर चढलं. "मासोऱ्या भाईर फेकल्या ना! आमी पोरी हासत हासत वेचल्या. घरी आलो तं घरच नोहतं." सरांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

पण तो आकडा ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीनं सांगितलं, एका साक्षीवर गाव धरता येत नाही. गाव वगळलं, आणि जमिनीच्या हादऱ्याचा आकडा सरांच्या हिशेबापेक्षा खाली आला. सरांनी हरकतीचं पत्र लिहिलं, एवढं मला कळलं. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत भंडाऱ्याच्या दवाखान्यात ते गेले. मला शेवटचं बघायलाही मिळालं नाही.

वर्षभरानं काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, त्या पत्राची प्रत माझ्या हातात ठेवली. त्यात लिहिलं होतं, "प्रश्नावली माझ्याच हलगर्जीपणाने बाहेर गेली." माझं नाव कुठेच नव्हतं. सोबत समितीचं उत्तरही होतं. असा हलगर्जीपणा करणाऱ्याची बाकीची गावंही संशयास्पद, सबब दोन्ही उन्हाळ्यांचं काम बाजूला. म्हणजे मला वाचवायला त्या माणसानं स्वतःचा शब्द मातीत घातला होता! उभ्या उभ्या वाचलं आणि वाटलं, भिंतीवर डोकं आपटून घ्यावं.

मी पत्रं लिहायला लागले. चूक माझी आहे, सरांची नाही. त्यांची बाकीची गावं तरी वाचा. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही. तिकडे केंद्राच्या पायाचं खोदकाम सुरू होणार असल्याची बातमी आली, मी तिसरं पाठवलं. यंदा उन्हाळ्यात उत्तर आलं. "सदर गावातील प्रत्यक्ष साक्षीदारांचे जबाब नव्याने व स्वतंत्रपणे नोंदवून सादर केल्यास फेरविचार करता येईल."

देवच पावला, असं वाटलं. त्याच दिवशी एसटी धरली. सरपंचांनी एकतीस नावांचा जुना कागद शोधून काढला आणि वाचत गेले, मी रेघा मारत गेले. जन्मलेच नव्हते ते आधीच बाजूला काढले. कोरोनात गेलेले बरेच, उरलेले त्यानंतर एकेक करून. पवनीची बहिरी आजी यादीत नव्हतीच, पण मी विचारलं. तीही दिवाळीत गेली होती.

शेवटच्या नावाशी सरपंच थांबले. बोट तसंच कागदावर ठेवून म्हणाले, "हे बाबा मागच्या सोमवारी गेले, मॅडम. आता ते पाह्यलेलं गावात कोणीच नाई."