टाकीवरचं स्टिकर

दिल्ली कॅन्टला आमची पोस्टिंग आली, तेव्हा पलीकडे गुडगावात काचेच्या इमारती उठत होत्या आणि युनिटमधला जो तो हप्त्यावर मोटारसायकल घेत होता. मी इंजिनिअर्समध्ये हवालदार. काम सुरुंग शोधून निकामी करायचं. लोक विचारतात, सगळ्यात जास्त भीती कधी वाटली? सुरुंगापाशी वाटायचीच, खोटं कशाला बोलू. पण हात थरथरले ते एकदाच, एका स्टिकरपाशी.

गाडी माझ्या हाताखालच्या नाईक दत्ताची. काळी टाकी, नवी कोरी. पठ्ठ्याने मुनिरकातल्या पेंटरकडून टाकीवर पिवळ्या अक्षरांत बायकोचं नाव लिहून घेतलं, सुनंदा. गाडी बराकींच्या लाइनीत दिसली आणि सुभेदारसाहेब भडकले. "ये बारात की गाडी है क्या? नाम हटाओ।"

दत्ताने नाव पुसलं नाही. त्यावर युनिटचं मोठं स्टिकर चिकटवलं आणि मला डोळा मारला. साहेबांची बदली झाली की काढू, म्हणाला. घरी सुनंदावहिनींना वाटलं, याने घाबरून नावच पुसून टाकलं. त्या रुसल्या. हा हट्टी, गंमत बघत बसला, खरं सांगेना. तेवढ्यात त्याची तुकडी काश्मीरला निघाली. तिथे रस्ता सुरुंगांपासून मोकळा करताना दत्ता गेला.

वहिनींना क्वार्टर सोडून गावी जायचं होतं. गाडी सोबत न्यायची, तर युनिटचं चिन्ह आधी उतरवावं लागतं. ती ऑर्डर मला मिळाली. युनिटच्या वाहन विभागाचा, एमटीचा, ड्रायव्हर थिनर आणि ब्लेड घेऊनच आला. मी दोन्ही काढून घेतलं. थिनर डिंकाबरोबर रंगही खातो आणि ब्लेडचा ओरखडा जन्मभर राहतो.

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. खाली नाव शाबूत आहे, असं मी त्यांना सांगितलं.

"पुसलंय त्यांनी, भाऊजी. उगाच माझं मन राखू नका."

नाव डिंकाबरोबर निघून आलं, तर ही बाई आयुष्यभर तेच खरं धरून बसणार होती.

गाडी उन्हात घेतली. गरम पाण्यात पिळलेलं फडकं स्टिकरवर ठेवत राहिलो. कोपरा सुटल्यावर खालून शिवणाचा दोरा घातला आणि टाकीलगत हळूहळू पुढे-मागे ओढत नेला. स्टिकर निघालं. खाली डिंकाचा मळकट थर, अक्षर एकही दिसेना. त्यावर खोबरेल तेल लावलं आणि थांबलो. मग जुन्या मऊ बनियनने पुसलं, तर बनियन पिवळं झालं.

ऐन थंडीत मला घाम फुटला. बोटं ऐकेनात. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "उस्ताद, रंग निकल रहा है।"

वहिनी उठून आत गेल्या.

मी तो पिवळा लगदा चिमटीत धरून चोळला. चिकट होता, तार सुटत होती. वाळलेल्या रंगाला कसली तार सुटते? जुना डिंकच पिवळा पडला होता. पण खात्री कुठे होती! पुन्हा तेल लावलं. नख लावायचं नाही, जोर करायचा नाही, असं स्वतःलाच बजावत राहिलो. कितीतरी वेळाने 'सु'ची कड दिसली, मग बाकीची अक्षरं. शेवटच्या कान्याचा एक टवका तेवढा उडाला होता. साबणाच्या पाण्याने टाकी धुतली, कोरडी केली आणि वहिनींना हाक मारली.

त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"मला सांगितलं का नाही त्यांनी?"

दत्ता गेल्याची तार आल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. तेव्हा रडल्या, टाकीवर डोकं टेकून. मी आणि ड्रायव्हर तोंड फिरवून उभे राहिलो.

संध्याकाळी सुभेदारसाहेब आले. वाकून टाकीवरचं नाव वाचलं. मग म्हणाले, "ऐसे ही जाने दो।" स्टेशनवर मोटारसायकलला गोणपाट गुंडाळण्याआधी वहिनींनी टाकीवर आपली शाल बांधली.

युनिटच्या स्मारकावर दत्ताचं नाव कोरलंय. तिथे जातो, सॅल्यूट करतो. पण डोळ्यांपुढे येतो तो हातात स्टिकर घेऊन डोळा मारणारा दत्ता. साहेबांची बदली झाली की काढू, म्हणाला होता.