वन्संची साक्ष

आमच्या इमारतीत खाली केस कापायचं दुकान आहे. ते चालवणारीला मी कात्री म्हणते, तेही तोंडावर. पाठीमागे म्हणण्यात काय मजा? बाईची जीभ हातातल्या कात्रीहून तेज. बोथट व्हायची ती एकाच माणसासमोर, थोरल्या नणंदेसमोर. कारण दिवसभर दुकान, आणि तेवढा वेळ लेक नणंदेकडे.

लेक साडेचार वर्षांची. टीव्हीवरच्या जाहिराती घडाघडा म्हणेल, पण पाणी हवं असलं की समोरच्याचं मनगट धरून नळाकडे ओढेल. शाळेनं बजावलं होतं, तपासणीचा अहवाल आणा, म्हणजे मदतनीस बाई देऊ. नाहीतर पुढच्या वर्षी हिला ठेवता येणार नाही. कात्रीनं एक दवाखाना गाठला. तिथं त्यांनी दोन वर्षांच्या बाळांची प्रश्नावली पुढे केली. बोट दाखवते का? चालते का? पोर सहीसलामत सुटली. स्वमग्नतेचं लक्षण नाही म्हणे!

नणंदेला आयतं कोलीत मिळालं. भरल्या दुकानात येऊन म्हणाली, "पोरीत काही नाही गं. आईला कात्रीशिवाय काही धरता येत नाही, म्हणून पोर अशी."

खुर्चीतली बाई हसली. तिची झुलपं त्या दिवशी कानाच्या वर गेली. नणंदेचं उट्टं मात्र बाकी राहिलं.

दुसऱ्या केंद्रातल्या मानसतज्ज्ञ बाईंनी जुना कागद पाहून कपाळाला हात लावला. "हे तर झबल्याचं माप. या वयाच्या मुलीला कसं बसेल? आणि ही नुसती चाळणी, निकाल नव्हे. पुढे तपासायचं की नाही, एवढंच ती सांगते."

मुलीचं वय आणि बोलणं पाहून त्यांनी वेगळी प्रश्नावली दिली. कात्रीनं ती दात-ओठ खाऊन भरली. जिथं तिथं सगळ्यात वाईट उत्तर. 'उंचावर चढता येत नाही' यावरही खूण! बाईंनी कागद वाचला आणि वर पाहिलं. पोर कपाटावर बसली होती.

"ताई, यात मुलगी किती आणि राग किती?"

मी फिस्सकन हसले. पोरीची पिशवी सांभाळायच्या निमित्तानं मीही गेले होते ना!

"मी तिच्याशी खेळून बघेनच," बाई म्हणाल्या. "पण दिवसभर तिच्याजवळ जे कुणी असतं, त्यांच्याशीही निवांत बोलायला हवं. कोण असतं?"

कात्रीचं तोंड कडू झालं. मग हळूहळू तिचे डोळे असे चमकले की मलाच धडकी भरली.

संध्याकाळी ती नणंदेपाशी लोण्यासारखी मऊ. "वन्सं, तुमचंच खरं असेल. तुम्हीच सांगा ना त्या बाईंना."

माझा चहा नाकात गेला.

वन्सं ठेवणीतले कपडे घालून केंद्रात आल्या. "त्रास कसला? बटणांचा डबा दिला की तासन्‌तास रांगा लावते. एक बटण हलवलं तर मात्र आकांत."

"हाक मारल्यावर?"

"गुंग असते हो. कानाशी ढोल वाजवा, ढिम्म. पण मिक्सर लावला की पलंगाखाली."

"इतर मुलांशी?"

"खेळतच नाही, म्हणून तर भांडणं नाहीत! जिना तेवढा डाव्या बाजूनं चढायचा. चुकलं की मला खाली नेऊन पुन्हा पहिल्यापासून. आता मलाही सवय झालीय."

बाई लिहीत होत्या. कात्री हाताची घडी घालून भिंतीला टेकलेली. एकदाच बोलली, "वन्सं, बटणं रंगाप्रमाणे लावते, ते राहिलं."

"एखादी आवडलेली वस्तू तुम्हाला दाखवायला आणते?" बाईंनी विचारलं.

वन्सं म्हणाल्या, "मला... नाही आठवत." आणि कात्रीकडे बघायचं त्यांनी टाळलं.

बाईंचा खेळ आणि वन्संचं बोलणं, दोन्ही एकाच दिशेला गेलं. अहवालात स्वमग्नता स्पष्ट लिहून आली, शाळेनं मदतनीस कबूल केली. दुसरी कुणी असती तर इथं थांबली असती. कात्रीनं नणंदेला दुकानात बोलावलं, ऐन गर्दीच्या वेळी.

"वन्सं, तुम्ही सांगितलेलं सगळं यात आलंय. जरा मोठ्यानं वाचून दाखवा ना. मला काय, कात्रीशिवाय काही धरता येत नाही!"

वन्संनी वाचलं. सगळं. एकही बाई उठली नाही. अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक जाणार कुठं? माझे तर आठवड्यापूर्वीच कापून झाले होते. तरी पहिल्या खुर्चीत मीच होते.