किसनरावांचा फुटका हत्ती

“आबांचे हात शेतकऱ्याचे, राकट. नाजूक काम त्यांना कधी जमले नाही. त्यांनी घरी केलेल्या कुल्फीच्या हत्तीला सोंड नसायची, मोराला मान नसायची, घोडा तीन पायांवर यायचा. आम्ही सगळे पोट धरून हसायचो. आईचे आजारपणसुद्धा आबांनी असे हसतखेळत पार पाडले.”

माझा भाचा प्रशांत याने आपल्या वडिलांवर गेल्या महिन्यात याच पुरवणीत जो लेख लिहिला, त्यातली ही वाक्ये आहेत. लेख पुष्कळांना आवडला. वाचून डोळे पाणावले, असे सांगणारे फोन मलाही आले. मी आयुष्यभर मुलांना मराठी शिकवले आहे. वाक्य गोड झाले म्हणून ते खरे ठरत नाही, हे मी आठवीच्या वर्गालाही सांगत असे. या वयात घरच्या माणसाशी वर्तमानपत्रातून भांडणे शोभत नाही, असे माझी पत्नी म्हणते. पण जे छापून आले, त्याचे उत्तर छापूनच द्यावे लागते.

प्रशांतचे आबा म्हणजे किसनराव, माझे मेहुणे. माझी धाकटी बहीण कमल हिचे यजमान. अनसिंगजवळ त्यांचा भाजीपाल्याचा मळा. ते गेल्याची खबर मला कारंज्याला त्यांच्या शेजाऱ्याने सकाळी फोनवर दिली. मेथीच्या वाफ्याला पाणी सोडून ते बांधावर बसले, आणि बसल्या जागी कलंडले. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसे जमली होती, आणि मळ्यात वाफा भरून पाणी पायवाटेवर आले होते. पाणी बंद करण्याचे कोणाला सुचले नव्हते. ते मी जाऊन बंद केले... मगच त्यांच्याजवळ बसलो. कारण ते उठून बसले असते, तर त्यांनी मला आधी पाण्याचेच विचारले असते.

तेरवीच्या पंगतीत मी पहिल्यांदा ऐकले की म्हातारा शेवटी पोरकट झाला होता. बर्फाची जनावरे करून गल्लीतल्या पोरांना वाटायचा, हाताला काही यायचे नाही तरी करायचा. बोलणारे वाईट भावनेने बोलत नव्हते. प्रशांत पुण्याला राहतो; त्याने तेच तिकडे नेले, त्याच्यावर साखर पेरली आणि छापले. मी त्याला फोन केला.

“मामा, तुमी कायले एवढं मनावर घेता? लोकायले आवडलं ना.”

“आवडलं म्हणून घडलं का?”

“आई हसत नव्हती काय?”

“जबडा उघडत नव्हता रे तिचा. हसेल कशानं?”

त्यावर तो दुसराच विषय काढल्यासारखा म्हणाला, “पोळ्याले आपल्या गावच्या शाळेत कार्यक्रम ठेवून राह्यलो. आबाच्या नावानं. पोरं फुटके हत्ती-घोडे करतीन, सगळ्यात गमतीचा ज्याचा त्याले बक्षीस. तुमच्याकडचे कुल्फीचे साचे स्टेजवर मांडू.”

साचे मिळणार नाहीत, असे सांगून मी फोन ठेवला. का मिळणार नाहीत, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

ते साचे मूळ आमच्या घरचे. कारंज्याच्या बाजारात आमच्या वडिलांचे मिठाईचे दुकान होते, आणि दिवाळीच्या आधी तिथे साखरेचे प्राणी होत. सागवानाचे दोन फाळ, आत कोरलेला अर्धा-अर्धा हत्ती. दोन्ही भिजवून, जुळवून सुतळीने बांधायचे आणि तळाच्या भोकातून पाक ओतायचा. मोराची मान आणि हत्तीची सोंड हे सगळ्यांत अवघड. साचा उघडताना हात जरा घाईचा पडला की तेवढेच मोडून फाळात राहते. वडिलांचा नियम साधा होता : अख्खा गिऱ्हाइकाचा, फुटका घरचा. आम्हा भावंडांच्या वाट्याला अख्खा प्राणी कधी आला नाही, आणि तो मागायचा असतो हेही आम्हांला ठाऊक नव्हते. कमल साच्यापाशी मांडी घालून बसायची, एकाग्र, मांजरासारखी. काही मोडले की वडिलांचा हात पोचण्याआधी तिचा पोचे. “फुटला. आता माहा.” म्हणजे माझा. वडील म्हणत, या पोरीच्या नजरेनेच मोराची मान मोडते.

ही सवय तिच्या अंगात आयुष्यभर राहिली. लग्नानंतरही तुटकी भाकर ती स्वतःच्या ताटात ओढी, फुटका लाडू आपल्यासाठी बाजूला ठेवी, आणि किसनराव थट्टा करत, “मास्तर, तुमच्या बहिणीले साबूत वस्तू पचतच नाही.” दुकान बंद झाले तेव्हा तिने माझ्याकडून फक्त ते साचे मागून घेतले. मी दिले. ते तिच्या घरी माळ्यावर पोत्यात पडून होते.

आता आजाराविषयी. प्रशांतच्या लेखात ‘घशाचा त्रास’ असे शब्द आहेत. माझ्या बहिणीला तोंडाचा कर्करोग होता. तिच्या पिढीतल्या अनेक बायांसारखी ती मिसरी लावत असे, आणि लावते हे लपवत असे; मुलगा आता तिच्यानंतरही तेच लपवतो आहे. गालातून सुरू झाले, जबड्यात गेले. अकोल्याला शस्त्रक्रिया झाली, मग विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, झाले. शेकांनी तोंडाची आतली कातडी सोलून निघाली. पाणी झोंबे, वरण झोंबे, भाताचे शीत काट्यासारखे लागे. जखमेला वास येऊ लागला, तेव्हा भेटायला येणारी माणसे आधी अंगणात थांबू लागली आणि नंतर यायचीच थांबली. कमल भिंतीकडे तोंड करून पडे. चमचा जवळ नेला की पदर तोंडावर ओढून घेई. डॉक्टर म्हणाले होते, काहीतरी पोटात गेले पाहिजे, थंड द्या, पातळ द्या. किसनरावांनी ताक दिले, दूध दिले, नारळपाणी दिले. ती पदर काढीना. जिवंत माणूस उपाशी मरताना पाहणे म्हणजे काय, ते त्या घरात मी पाहिले आहे. त्यात हसण्यासारखे काय होते, ते लेखकाने सांगावे.

माळ्यावरचे साचे त्यांना कसे आठवले, ते त्यांनी मला सांगितले नाही. म्हशीचे दूध आटवून, त्यात तांदळाची पेज फेटून, फडक्यातून दोनदा गाळून त्यांनी हत्तीच्या साच्यात ओतले. वेलदोडा घातला नाही. त्याचा कण जखमेत जाऊन बसतो. साचा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवला. वीज जायची, तेव्हा तो गोणपाटात गुंडाळून माठाआड ठेवायचे आणि वीज आली की पुन्हा वर. पहिला हत्ती त्यांनी साच्यातून सुरीने उकरला आणि सोंड मोडली. हे प्रशांतचे म्हणणे तेवढ्या एका हत्तीपुरते खरे आहे. ओशाळे होऊन, ताटलीत तो थोटा हत्ती घेऊन ते तिच्या खाटेपाशी गेले. ताटली उशाशी ठेवली.

कमल वळली. बऱ्याच वेळाने तिने त्याच्याकडे पाहिले, आणि पदराआडून, जीभ नीट वळत नव्हती तरी समजेल असे म्हणाली, “फुटला... माहा.”

तो हत्ती तिने खाल्ला. चाटून, विरघळवून, थांबत थांबत, पण सगळा.

पुढे जे झाले, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि म्हणूनच त्याबाबत मी कोणाशी तडजोड करणार नाही. किसनराव ते काम शिकले. सुरी टाकून दिली. साच्याला आतून तुपाचे बोट फिरवायचे, आणि काढताना तो दोन्ही तळव्यांत धरून नुसता बसायचे, हाताची ऊब लाकडातून आत जाईपर्यंत. मग फाळ आपणहून सुटतात. ज्या माणसाने टमाट्याची कोवळी रोपे आयुष्यभर देठाला धक्का न लावता उपटून लावली, त्याच्या हाताला राकट म्हणणाऱ्याने त्याला मळ्यात कधी पाहिलेच नसावे. एका दुपारी मी स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ बसलो होतो. त्यांनी मोराचा साचा उघडला. मोर निघाला तो तुऱ्यासकट. आमच्या वडिलांनाही दहांत एखादा असा साधे. मी शाबासकी द्यायला तोंड उघडले, तोच त्यांनी अंगठा लावून त्याची मान मोडली.

“किसनराव, काय करून राह्यले हे? एवढा अख्खा निघाला होता.”

“अख्खा चालत नाही तिले.”

“म्हणजे?”

“काल अख्खाच नेला होता, मास्तर. तिनं पाह्यला आणि भिताडाकडं फिरली. म्हणे, दुकानात ठेवा, गिऱ्हाईक येईन.” मोडलेली मान त्यांनी मोराजवळच ताटलीत नीट ठेवली. “आता उपाशी ठेवू काय तिले, मोर चांगला निघाला म्हणून?”

गोळ्यांच्या गुंगीत ती तसे बोलली की पूर्ण शुद्धीत, हे मी सांगू शकत नाही. किसनरावांनी तो प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. त्यांना एवढेच कळले होते, की जे साबूत आहे ते या बाईला स्वतःचे वाटत नाही, आणि जे स्वतःचे वाटत नाही त्याला ती तोंड लावणार नाही. मग ते रोज एक सुरेख जनावर घडवीत आणि तिच्याकडे नेण्याआधी मोडीत. घोड्याचा पाय, माशाचे शेपूट, हत्तीची सोंड. आतून “माहा” ऐकू आले की बाहेर येऊन अंगणात बिडी ओढत उभे राहत. मी त्यांना त्या काळात एकदाही हसताना पाहिले नाही.

प्रशांत दिवाळीला आला होता. आईच्या खोलीच्या उंबरठ्यावर नाकाला रुमाल लावून उभा राहिला आणि मुक्कामाला वाशीमच्या लॉजवर गेला. मी त्याला त्याबद्दल दोष देत नाही. तो वास सगळ्यांना सोसत नाही. पण तेवढ्यात त्याने ताटलीचा फोटो काढला आणि विचारले, “आबा, हे काय बनवलं? हत्ती हाये का डुक्कर?” किसनराव म्हणाले, “डुक्करच समज.” त्या एका फोटोवर आणि त्या एका वाक्यावर त्याचा सारा लेख उभा आहे. बापाने मुलाला सत्य का सांगितले नाही, असे कोणी विचारील. ज्याला खोलीत येववत नव्हते, त्याला खोलीतली गोष्ट कशी सांगणार?

शेवटी शेवटी तेही जाईना. ताटलीत हत्ती विरघळे, त्याचे पांढरे पाणी होई आणि खाटेच्या पायाशी मुंग्यांची रांग लागे. तरी ते करत राहिले. कमल गेली त्या सकाळीही उशाशी एक घोडा होता, अर्धा वितळलेला. किसनरावांनी ताटली उचलली, मळ्यात नेली आणि वांग्याच्या बुंध्याशी रिकामी केली. मग माणसांना बोलावले.

पुढच्या दोन वर्षांत त्यांनी गल्लीतल्या पोरांना कुल्फीची जनावरे वाटली, हे मी मान्य करतो. त्याला पोरकटपणा म्हणायचे असेल तर म्हणावे. रिकाम्या घरात संध्याकाळी हातांना काय काम द्यायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मी महिन्याकाठी कारंज्याहून एसटीने जात असे आणि त्यांच्या ओट्यावर बसून ते वाटप बघत असे. पोरे भांडत : मले मोर, मले घोडा. एकदा एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, “आबा, मले फुटका द्या, त्याचे दोन होते.” किसनराव तिला म्हणाले, “फुटका माह्याकडं नाही भेटत, बाई.” तिने हट्ट धरला. त्यांनी तिला तुऱ्यासकट मोर दिला, आणि ती जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले... मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत.

ते गेल्यावर साचे मी घेऊन आलो. प्रशांतने ते मागावेत, मी नाही म्हणावे, हा मामा-भाच्यातला मामला आहे. वाचकांनी त्यात पडू नये. पण पोळ्याच्या दिवशी शाळेच्या स्टेजवर मुलांकडून फुटके हत्ती करवून घेऊन त्या माणसाच्या हातांवर टाळ्या पिटल्या जाणार असतील, तर त्याआधी माझा पुरावा नोंदला जावा. मी तो तपासून घेतला आहे. गल्लीतल्या एकेका घरी जाऊन, एकेका पोराला समोर बसवून विचारले आहे, आणि सगळ्यांचे उत्तर एकच आले. कमल गेली त्या दिवसापासून ते स्वतः जाईपर्यंत किसनरावांच्या हातून एकही जनावर फुटले नाही.