हिरवी रेघ काखेशी थांबली

अक्का गेली तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होते. सांगलीच्या दवाखान्यातून दादांचा फोन आला, ‘‘संपलं गं.’’ अक्का माझी थोरली जाऊ, दादा तिचा नवरा, फौजेत सुभेदार. दीड महिना झाला, तरी मी स्वतःला माफ केलेलं नाही, त्याला कारण आहे.

आमच्या आष्ट्याकडं फौजींच्या घरात एक रीत... सीमेवरच्या माणसाला वाईट कळवायचं नाही. म्हैस मेली, ऊस जळाला, तरी फोनवर ‘सगळं बरं हाय.’ अक्का त्यात लय पक्की. गेल्या दिवाळीआधी तिनं न्हाणीत माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. आवळ्याएवढी गाठ लागली. ‘‘त्यास्नी सांगू नगंस. सुट्टीवर आलं की जाऊ दवाखान्यात. शपथ हाय माझी.’’ आणि मी, एवढी शिकलेली बया, सहा महिने तोंड शिवून बसले!

दादा सुट्टीवर आले, तेव्हा कुठं दवाखाना गाठला. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी समजावलं. छातीत रंग टोचायचा. तो लसिकेच्या, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या, बारीक नळ्यांतून काखेतल्या ग्रंथींकडं जातो, खास कॅमेऱ्यात हिरवा चमकतो. आधी चमकतील त्या ग्रंथी काढून तपासायच्या. त्या चांगल्या निघाल्या तर बाकीच्यांना धक्का लावायचा नाही, मग हात सुजायची भीती कमी. अक्कानं एवढंच विचारलं, ‘‘म्हंजे भाकरी थापता येतील न्हवं?’’

नंतर आम्हाला ते पडद्यावर दाखवलं. हिरवी रेघ निघाली, वर सरकली... आणि काखेशी थांबून नुसतीच पसरली. ‘‘पुढची वाट रोगानं बंद केली होती. सगळ्या ग्रंथी काढाव्या लागल्या,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘गाठ कधीपासून होती?’’ दादांनी माझ्याकडं बघितलं. ‘‘आम्हाला कळलंच नाही,’’ मी म्हणाले. मेली माझी जीभ.

अक्काचा उजवा हात उशीसारखा सुजला. बांगड्या कापाव्या लागल्या, तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मग रोग फुप्फुसात गेला. शेवटच्या भेटीतही तिनं विचारलं, ‘‘दिवाळीआधीचं त्यास्नी सांगितलं न्हाईस न्हवं?’’

दादा परत ड्यूटीवर गेलेत. अक्काचा फोन अजून स्वयंपाकघरात तिच्याच फळीवर असतो, पिठाच्या डब्याशेजारी. काल रविवारी वाजला, नेहमीच्या वेळेला.

‘‘सगळं बरं हाय न्हवं?’’

तेच उत्तर ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

‘‘दादा, मला ठाऊक होतं. दिवाळीआधीपासून.’’

 तिकडच्या वाऱ्याच्या आवाजातून ते म्हणाले, ‘‘एक फोन करायचा हुतास... आलो असतो की गं मी.’’