डाकोटाच्या दारापाशी

शारजात आम्ही राहतो त्या इमारतीपासून जुनं विमानतळ गाडीने दहा मिनिटांवर आहे. आता तिथे संग्रहालय आहे, आणि समोरचा सरळ रस्ता म्हणजे पूर्वीची धावपट्टी. तीन वर्षांपूर्वी बाबा साताऱ्याहून दोन महिने राहायला आले, तेव्हा एका शुक्रवारी मी त्यांना आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला तिथे घेऊन गेले. मुलाला रणगाडे पाहायचे होते. गेम खेळून त्याला दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे, बंदुका सगळं पाठ होतं. तिथे रणगाडा नव्हता. चार जुनी विमानं होती.

बाबा त्यातल्या एका विमानापुढे थांबले. दोन इंजिनं, नाक वर, शेपटी जमिनीला टेकलेली.

"हे डाकोटा," ते म्हणाले. "दुसऱ्या महायुद्धातलं."

"आजोबा, डिड यू फाइट इन दॅट वॉर?" मुलाने विचारलं.

"नाही रे. माझा जन्मच त्या धामधुमीतला. युद्ध संपलं, विमानं उरली. वीस वर्षांनी आम्ही त्यातून तांदूळ टाकत होतो."

बाबा लष्कराच्या रसद विभागात होते एवढंच मला माहीत होतं. नोकरीबद्दल ते कधी बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू. त्या दिवशी मात्र ते विमानाच्या डाव्या बाजूला, मागच्या मोठ्या दारापाशी गेले आणि सांगू लागले.

ईशान्येकडच्या डोंगरांत चौक्या होत्या, तिथे रस्ता नव्हता. विमान खाली यायचं, वैमानिक घंटा वाजवायचा. दाराचं झडप आधीच काढून ठेवलेलं असे. दोघेतिघे पाठीवर झोपून दोन्ही पायांनी पोती बाहेर ढकलायचे. एकदा त्यांच्या शेजारच्या केरळी जवानाचा पाय पोत्याच्या दोरीत अडकला. पोतं गेलं, आणि तोही कमरेपर्यंत बाहेर गेला. बाबांनी त्याचा दुसरा पाय धरला. तिसऱ्याने बाबांना धरलं. दोरी सुटली ती त्याचा बूट घेऊनच. त्याला आत ओढलं तेव्हा त्याच्या एका पायात नुसता मोजा होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, सगळे हसलो. सुटलो म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याने गोदामात बदली मागितली. पुन्हा विमानात चढला नाही. पोरं त्याला भित्रा म्हणायची. जेवायला बसला की कुणीतरी त्याच्यासमोर एक बूट आणून ठेवायचं. मीसुद्धा हसायचो. पाय मी धरला होता, किती थरथरत होता ते मला ठाऊक होतं. तरी हसायचो."

त्यांचा आवाज बदलला नाही. बोलता बोलता त्यांनी दाराच्या कडेवर हात ठेवला होता. पहारेकरी जवळ आला आणि हिंदीत म्हणाला, "चाचा, हात मत लगाओ." बाबांनी हात काढला आणि त्याला विचारलं, "आप केरल के हो?" तो हो म्हणाला. बाबांनी त्या जवानाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. पन्नासहून जास्त वर्षं झाली होती, तरी गावाचं नाव घेताना ते अडखळले नाहीत.

पहारेकऱ्याचं गाव वेगळं होतं, पण त्याचा मामा लष्करातून निवृत्त झालेला. त्याने माझा नंबर घेतला. "पता करता हूँ, इन्शाल्ला," म्हणाला. हे असं नुसतं बोलण्यापुरतं असतं, असं मी धरून चालले.

तीन आठवड्यांनी मी ऑफिसमधून घरी परतत होते, ट्रॅफिकमध्ये अडकले होते. तेव्हा केरळहून फोन आला. त्या जवानाचा मुलगा बोलत होता. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, तो म्हणाला. घरी पोचल्यावर मी पुन्हा फोन लावला आणि बाबांच्या हातात दिला, स्पीकर चालू ठेवून.

"पापा बोलते थे," मुलगा म्हणाला, "एक मराठा ने मेरा पैर पकड़ा, इसलिए तुम लोग पैदा हुए."

बाबा सोफ्याच्या कडेवर सरळ बसले होते. "बेटा, मैं उन पर हँसता था," ते म्हणाले. "सब हँसते थे. मैं भी."

पलीकडून तो म्हणाला, "ये तो उन्होंने कभी नहीं बताया."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पलीकडे त्या मुलाने फोन आपल्या आईकडे दिला. ती मल्याळममध्ये बोलत राहिली, बाबा हिंदीत "हाँ जी, हाँ जी" करत राहिले. चार-पाच मिनिटं हे चाललं. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "त्याने घरी सांगितलंच नाही बघ." आणि आंघोळीला गेले.

पुढच्या आठवड्यात ते साताऱ्याला परतले. आता दरवर्षी ओणमला ते केरळला फोन करतात. त्या बाईंना हिंदी येत नाही, बाबांना मल्याळम येत नाही. तरी फोन बराच वेळ चालतो, असं माझी आई सांगते.